सातबाऱ्यात न बसणारी जमीन

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात दिलेल्या व्याख्यानाचा, वक्त्यांनी स्वतः तपासून दिलेला मजकूर)



शिबिराच्या संयोजकांनी मला ‘शेतीचे अर्थकारण’ हा विषय दिला होता. त्यांच्या अनुमतीने मी तो थोडा खाली, म्हणजे अक्षरशः जमिनीच्या पोटात नेणार आहे. आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविलेल्या माणसाने जिवाणू आणि बुरशी यांच्याविषयी बोलावे हे काहींना विचित्र वाटेल. मलाही काही वर्षांपूर्वी तसेच वाटले असते. वर्गात उत्पादनाचे घटक शिकविताना मी जमीन हा घटक दोन मिनिटांत संपवीत असे. रिकार्डोचा आधार होताच. जमिनीच्या मूळच्या आणि अविनाशी शक्तींचा मोबदला म्हणजे खंड, ही त्याची व्याख्या विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेत असे. त्या व्याख्येतील ‘अविनाशी’ हा शब्द खोटा आहे, हे मला निवृत्तीनंतर, स्वतःच्याच शेतात उभे राहिल्यावर कळले.

ती कबुली आधी देऊन टाकतो, म्हणजे पुढचे बोलणे सोपे होईल. मांजरेच्या खोऱ्यात आमची वडिलोपार्जित थोडी काळी जमीन आहे. नोकरीच्या काळात मी ती दरसाल खंडाने देत आलो. म्हणजे ज्याला आपण गैरहजर मालक म्हणतो आणि ज्याच्याविरुद्ध मी तरुणपणी भाषणे केली, तोच मी. निवृत्तीनंतर गेलो तेव्हा जमीन हाताला वेगळी लागली. लहानपणी पावसानंतर या रानातील ढेकूळ बोटांनी दाबले की त्याचा रवा होई. आता ते विटेसारखे फुटत होते आणि पाणी वरच्यावर वाहून जात होते. त्या वर्षी ज्याच्याकडे रान होते त्या तरुण शेतकऱ्याला मी जरा अधिकारवाणीनेच म्हटले, “शेणखत का घालत नाही?” तो शांतपणे म्हणाला, “सर, चार ट्रॉल्या घालायला माझी ना नाही. पण त्याचा गुण दोन-तीन साल राहतो. पुढल्या साली रान माझ्याकडंच राहील का, तेवढं सांगा.” मला उत्तर देता आले नाही. आजच्या व्याख्यानाचा विषय खरे म्हणजे त्या प्रश्नातून निघाला आहे.

शेणखताचा गुण दोन-तीन साल का राहतो? कारण ते पिकाला थेट मिळत नाही. ते आधी जमिनीत राहणाऱ्यांचे अन्न असते. एक ग्रॅम चांगल्या मातीत कोट्यवधी, प्रसंगी अब्जावधी जिवाणू असतात. त्याखेरीज बुरशीचे तंतू, त्या जिवाणूंवर जगणारे आदिजीव, सूत्रकृमी, आणि या सर्वांच्या वर गांडूळ. यांपैकी फार थोडे जिवाणू प्रयोगशाळेतील बशीत वाढतात, म्हणून शंभर वर्षे शास्त्रज्ञांना या समाजाचा एक लहानसा कोपराच दिसत होता. मातीतून थेट जनुकद्रव्य काढून वाचण्याचे तंत्र आल्यानंतर, म्हणजे गेल्या तीस-चाळीस वर्षांत, उरलेल्यांची मोजदाद सुरू झाली.

यांचे काम काय, ते तुम्ही शेतकऱ्यांची मुले असल्याने विस्ताराने सांगण्याची गरज नाही. तुरीचे रोप उपटले की मुळांवर गाठी दिसतात. हवेतील नत्र बांधून रोपाला देणारे जिवाणू त्या गाठींत राहतात, हे १८८० नंतरच्या दशकात जर्मनीत हेलरीगेलने सिद्ध केले आणि १८८८ साली हॉलंडमध्ये बेयरिंकने तो जिवाणू वेगळा काढून दाखविला. आपल्या शेतकऱ्यांकडे मात्र त्यासाठी ‘बेवड’ हा शब्द पूर्वीपासूनच होता. तुरीचा, हरभऱ्याचा, भुईमुगाचा बेवड चांगला, असे आमचे आजोबा म्हणत तेव्हा आदल्या पिकाने जमिनीत मागे काय ठेवले याचा तो हिशेब असे. कारखान्यात हेच नत्र बांधावयाचे तर चारशे-पाचशे अंश उष्णता आणि वातावरणाच्या शेकडो पट दाब लागतो, आणि त्यासाठी नैसर्गिक वायू जाळावा लागतो. जिवाणू ते काम साध्या तापमानाला करतो. फुकट मात्र करीत नाही. रोप त्याला साखर पुरविते.

बुरशीचा व्यवहारही तसाच आहे. ज्वारी, मका, ऊस, तूर, कापूस या आपल्या बहुतेक पिकांच्या मुळांत मायकोरायझा नावाची बुरशी शिरते आणि तिचे तंतू मुळांच्या पलीकडे मातीत पसरून स्फुरद व पाणी आणतात. रोप त्या बदल्यात आपण तयार केलेल्या अन्नाचा पाच ते वीस टक्क्यांपर्यंतचा वाटा बुरशीला देते असा अंदाज आहे. हेच तंतू मातीचे कण एकमेकांशी बांधतात. लहानपणी बोटांत फुटणारा तो रवा या तंतूंची, मुळांची आणि जिवाणूंच्या चिकट स्रावांची करणी होती.

येथे जाता जाता एक गोष्ट सांगतो. क्षयरोगावरचे स्ट्रेप्टोमायसिन हे औषध मातीतल्या जिवाणूपासूनच मिळाले. १९४३ साली अमेरिकेत रटगर्स येथे अल्बर्ट शाट्झ या संशोधक विद्यार्थ्याने ते शोधले. १९५२ चे नोबेल पारितोषिक त्याचे मार्गदर्शक सेल्मन वाक्समन यांना एकट्यालाच मिळाले. शाट्झला सहसंशोधक म्हणून मान्यता मिळविण्यासाठी न्यायालयात जावे लागले होते. काम करणारा आणि श्रेय घेणारा वेगळा असतो हे प्रयोगशाळेलाही चुकलेले नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. शेती बदलली, जमिनीचा वापर बदलला, की या समाजाचे काय होते? याची सर्वांत जुनी साक्ष इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथे आहे. जॉन लॉज हा सुपरफॉस्फेटचा कारखानदार. आपला माल चालतो की नाही हे पाहण्यासाठी त्याने १८४३ पासून शेतावर प्रयोग मांडले आणि ते आजही चालू आहेत. त्यांतील पार्क ग्रास या गवताळ रानाचा प्रयोग १८५६ चा. त्यातील ज्या वाफ्यांना वर्षानुवर्षे अमोनियम सल्फेट दिले आणि चुना दिला नाही, ते वाफे इतके आम्ल झाले की तेथील गांडुळे गेली, वनस्पतींच्या अनेक जातींच्या जागी दोन-तीन जातींचे गवत उरले, आणि मेलेले गवत कुजेनासे झाल्याने त्याचा गोधडीसारखा थर जमिनीवर साचून राहिला. ज्यांनी ते कुजवावयाचे तेच नाहीत, तर कुजणार कसे?

आपल्याकडेही असे पुरावे आहेत, आणि ते सरकारी आहेत. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९७० च्या सुमारास देशभर दीर्घमुदतीचे खतप्रयोग सुरू केले. हिमाचलातील पालमपूरच्या आम्ल जमिनीत ज्या वाफ्यांना केवळ नत्रखत दिले, तेथे काही वर्षांनी मका व गहू यांचे उत्पादन शून्यावर आले. त्याच शेतात शेणखत आणि संतुलित खते मिळालेले वाफे मात्र उभे आहेत. आमच्या काळ्या जमिनीत असे नाट्य घडत नाही, कारण तीत चुनखडी असते आणि ती आम्लता पचविते. म्हणून आमचा ऱ्हास आवाज न करता होतो. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात ज्वारी-गव्हाच्या वाफ्यांवर असेच प्रयोग चालू आहेत. तेथे आणि देशातील इतर केंद्रांत एक क्रम पुन्हा पुन्हा आढळला आहे: जमिनीतील जिवाणूंचे एकूण वजन आणि त्यांची हालचाल शेणखतासह रासायनिक खते दिलेल्या वाफ्यांत सर्वाधिक, नुसती संतुलित रासायनिक खते दिली तर त्याहून कमी, नुसते नत्र दिले तर आणखी कमी. हा क्रम नीट ऐका. रासायनिक खत विष आहे असे तो म्हणत नाही. ज्या जमिनीला काहीच दिले नाही ती तर बहुधा सर्वांत दरिद्री असते; कारण तेथे पीकच कमी, म्हणून मुळे कमी, म्हणून जिवाणूंचे अन्नही कमी. जे मित्र खताची पिशवी पाहताच अंगावर पाल पडल्यासारखे दचकतात त्यांच्याशी माझा मतभेद येथे आहे.

मग युरियाचा दोष कोणता? दोष रसायनशास्त्राचा कमी आणि किमतीचा अधिक आहे. १९९२ साली स्फुरद आणि पालाश खतांवरील किंमतनियंत्रण काढले, युरियावरचे ठेवले. २०१० साली अन्नद्रव्याधारित अनुदान आले, तेव्हाही युरिया बाहेर ठेवला. आज ४५ किलोची युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते आणि गेल्या दहा-बारा वर्षांत तिच्या दरात फारसा बदल झालेला नाही. त्याच काळात मजुरी, डिझेल आणि शेणखताची ट्रॉली कोठे गेली ते तुम्हीच सांगा. २०२२-२३ मध्ये खतांवरील केंद्राचे अनुदान अडीच लाख कोटी रुपयांच्या घरात गेले होते. शेतकरी अडाणी आहे म्हणून तो युरिया अधिक टाकतो, असे सरकारी पुस्तिकांत लिहिलेले असते. तो अडाणी नाही. तो किंमत वाचतो. आणि रोपही किंमत वाचते! जमिनीत आयते नत्र मुबलक असले की कडधान्याचे रोप गाठी कमी धरते, आयते स्फुरद मुबलक असले की बुरशीला पोसणे कमी करते. स्वस्त माल बाजारात आला की कारागिराला काम मिळत नाही, हा आपल्या इतिहासातील परिचित प्रकार जमिनीच्या पोटातही घडतो. फरक इतकाच की हा कारागीर मोर्चा काढीत नाही.

दिलेल्या नत्रापैकी निम्म्याहून कमी पिकाच्या पदरी पडते. उरलेले कोठे जाते? काही अमोनिया होऊन हवेत, काही नायट्रेट होऊन विहिरीत. आणि जेथे पाणी साचून जमिनीचा श्वास कोंडतो तेथे काही जिवाणू प्राणवायूऐवजी नायट्रेटवर जगू लागतात आणि त्यातून नायट्रस ऑक्साइड सोडतात. हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट तापकारक आहे. कृष्णा-वारणेच्या काठची चिबड झालेली उसाची राने पाहा. पाटाचे पाणी, निचऱ्याचा अभाव आणि भरपूर नत्र, म्हणजे या जिवाणूंना हवी असलेली सर्व परिस्थिती तेथे आपणच निर्माण केली. जिवाणू त्यात वाईट नाहीत. मिळालेल्या परिस्थितीत ते जगतात.

एकाच रानात वेगवेगळी पिके का हवीत याविषयीही थोडे बोलले पाहिजे, कारण मराठवाड्यात आणि विदर्भात आपल्या डोळ्यांदेखत जमिनीच्या वापरात मोठा पालट झाला. माझ्या लहानपणी खरिपात ज्वारी, तिच्यात तुरीचे तास, कडेला मूग, उडीद, अंबाडी असे. आज राज्यात सोयाबीन चाळीस लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्रावर आहे आणि खरीप ज्वारी जवळजवळ उठली. तूर, मूग, उडीद यांच्या गाठींत राहणारे जिवाणू आमच्या मातीत मुळातच होते. सोयाबीन परक्या प्रदेशातून आलेले. त्याचा सोबती जिवाणू आमच्या जमिनींत नव्हता, म्हणून पेरणीपूर्वी बियाण्याला पाकिटातील जिवाणू संवर्धक चोळावे लागले. म्हणजे पीक बदलताना आपण जमिनीखालची वस्तीही बदलली, आणि जुन्या वस्तीचे काय झाले हे कोणी विचारले नाही. सोयाबीनविषयी माझा राग नाही. त्याने अनेक घरांत रोख पैसा आणला. परंतु पीक-फेरपालटावरील १२२ अभ्यास एकत्र करून २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका परीक्षणात असे दिसले की, एकच पीक पुन्हा पुन्हा घेण्याऐवजी फेरपालट केली तर जमिनीतील सूक्ष्मजीवांचे वजन सुमारे वीस टक्क्यांनी वाढते. बेवडाचा हा आंतरराष्ट्रीय पुरावा समजा.

विविधतेच्या मोजणीत मात्र एक फसगत आहे. ब्राझीलमध्ये ॲमेझॉनचे जंगल तोडून गुरांची कुरणे केली जातात. रोंदोनिया प्रांतातील अशा जमिनींवरचे एक संशोधन २०१३ साली प्रसिद्ध झाले. एका ठिकाणची माती घेऊन मोजले तर जंगलापेक्षा कुरणात जिवाणूंचे प्रकार अधिक निघाले! जंगलतोडीचे समर्थक आनंदित व्हावेत असा हा आकडा. पण संशोधकांनी दूरदूरच्या जागांची तुलना केली तेव्हा खरा प्रकार कळला. जंगलात या टोकाची वस्ती त्या टोकाहून वेगळी होती. कुरणात मात्र सर्वत्र तेच ते जिवाणू. कमी जागी राहणारे, स्थानिक प्रकार नाहीसे झाले आणि कोठेही तग धरणारे सर्वत्र पसरले. एका गावापुरती बेरीज वाढली आणि सगळ्या प्रदेशाचे भांडवल घटले. सरासरी दरडोई उत्पन्नाच्या आकड्यांवर आयुष्य काढलेल्या मला ही गोष्ट अगदी ओळखीची वाटली.

“मग करावयाचे काय, सर?” असे काही चेहऱ्यांवर दिसते आहे. बाजारात उत्तरांची कमतरता नाही. जिवाणूंच्या बाटल्या आहेत, जिवामृत आहे, गांडूळखताची पोती आहेत. जिवामृत निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. पण ज्या जमिनीत कुजण्याजोगे काहीच उरले नाही तेथे बाहेरून जिवाणू ओतणे म्हणजे रोजगार नसलेल्या गावात मजूर आणून सोडण्यासारखे आहे. त्यांतील फारच थोडे टिकतात. पहिली गरज त्यांच्या अन्नाची, आणि ते अन्न आपण दरवर्षी जाळतो. उसाचे पाचट हेक्टरी आठ-दहा टन निघते. तोडणी आटोपली की पुष्कळ ठिकाणी त्याला काडी लावतात. खोडव्यात तेच पाचट सरीत ठेवले तर ओल टिकते आणि बुरशी जगते. कापसाच्या पऱ्हाटीचेही तसेच.

ही काही नवी युक्ती नव्हे. अल्बर्ट हॉवर्ड १९२४ पासून १९३१ पर्यंत इंदूरला होते. तेथे त्यांनी आणि यशवंत वाड यांनी शेतातील टाकाऊ पदार्थांपासून खत करण्याची इंदूर पद्धत बसविली आणि १९३१ साली त्यावर पुस्तक लिहिले. कठीण पऱ्हाट्या कुजत नाहीत म्हणून त्या रस्त्यावर पसरून बैलगाड्यांच्या चाकांखाली चिरडून घेण्याची त्यांची रीत मला फार आवडते. पण त्या रीतीत बैल आहेत, शेण आहे आणि भरपूर मनुष्यबळ आहे. आज बैलजोडी दारातून गेली, तिच्याबरोबर शेण गेले, आणि ट्रॅक्टरला रोटाव्हेटर जोडून भाड्याने मशागत होते. तो माती पिठासारखी करतो. बुरशीचे तंतू त्यात तुटतात. नांगरट कमी करा असे सांगणे सोपे आहे, मात्र मग तण वाढते. ते खुरपावयाचे कोणी, तर बायकांनी, त्याच जुन्या मजुरीत, नाहीतर तणनाशक. जमिनीतील बुरशी वाचविण्याची किंमत शेतमजूर बाईच्या कमरेतून वसूल होणार असेल तर तो सौदा मला मान्य नाही. म्हणून पाचट पसरणे, कंपोस्ट करणे, खुरपणी या कामांना रोजगार हमीतून मजुरी मिळाली पाहिजे, ही मागणी मी येथे मांडतो. जी जमीन पाणी धरते ती गावाचीच विहीर भरते, मग त्याचा खर्च एकट्या कास्तकाराने का सोसावा?

दुसरी मागणी मोजणीची. २०१५ साली केंद्राने मृदा आरोग्य पत्रिका आणली. तीत बारा तपासण्या आहेत: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. पत्रिका आरोग्याची, पण जिवंत असलेल्या एकाही गोष्टीची नोंद तीत नाही. सेंद्रिय कर्ब हा तिच्या सर्वांत जवळचा आकडा. माती किती श्वास घेते, म्हणजे ओल्या मातीतून ठरावीक वेळात किती कार्बन डायऑक्साइड निघतो, ही तपासणी फार खर्चिक नाही. ती पत्रिकेत घालावी आणि तालुक्याच्या प्रयोगशाळेत खरोखर व्हावी.

तिसरी गोष्ट आपल्याला जड जाणारी आहे. १९४८ च्या कूळकायद्याने आणि १९५७ च्या कृषकदिनाने पश्चिम महाराष्ट्रातील कित्येक कुळांना जमीन मिळाली. ते आपल्या चळवळीचे पुण्य आहे आणि त्यात मला कोणताही बदल सुचवावयाचा नाही. मात्र त्यानंतर नवे कूळ लागेल या भीतीने मालकांनी कागद करणेच सोडले. आज कितीतरी जमीन तोंडी खंडाने, वाट्याने, एका वर्षाच्या बोलीवर कसली जाते. त्या कसणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर नाही, म्हणून त्याला पीककर्ज नाही, पीकविमा नाही, आणि शेणखत घालण्याचे कारणही नाही. एका वर्षाच्या माणसाने गोणीचा युरियाच टाकावा अशी ही व्यवस्था आहे. आपण जमीन एकरांत मोजली, वाटली, तिच्यासाठी तुरुंगात गेलो. तिच्या पोटातील भांडवल कोण घडवितो आणि कोणाच्या हाती जाते हे मोजले नाही. २०१६ साली नीती आयोगाने जमीन भाड्याने देण्यासंबंधी नमुना कायदा सुचविला. त्यात मालकाची भीती दूर केली आहे. कसणाऱ्याची तितकीशी नाही, आणि मोठ्या कंपन्यांना त्यातून वाट मिळेल ही शंका मला रास्त वाटते. म्हणून मसुदा आपण केला पाहिजे: किमान पाच वर्षांचा नोंदलेला करार, आणि मुदत संपताना जमिनीचा सेंद्रिय कर्ब वाढला असेल तर त्या वाढीचा मोबदला कसणाऱ्याला. मोबदला कसा ठरवावा हे अवघड आहे. पाच वर्षांत कर्बात पडणारा फरक फार बारीक असतो आणि एकाच शेतात दोन जागी वेगवेगळा आकडा येतो.

माझ्यापुरते मी गेल्या वर्षी त्या तरुणाला पाच वर्षांचे लिहून दिले. घरच्यांनी वेड्यात काढले. त्याने पहिल्या हंगामात तीन ट्रॉल्या शेणखत टाकले आणि सोयाबीनमध्ये तुरीचे तास घातले. ढेकूळ अजून विटेसारखेच फुटते.

कराराच्या मसुद्यावरची चर्चा दुपारच्या सत्रात आहे. मी थांबणार आहे. ज्यांची स्वतःची जमीन खंडाने दिलेली आहे त्यांनी अवश्य यावे.